मांजरपाटावरचं गाणं

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. लावा पैज. माझ्या पाठीवर एका कवीने कोळशाने आठ ओळींचं गाणं लिहिलं होतं. ते पावसाने धुऊन नेलं. आणि चौदा वर्षांनी, एका गुरुवारी सकाळी, तेच गाणं माझ्या पाठीवर आपोआप परत उमटलं. काना-मात्रेसकट. हसू आलं ना? मला ठाऊकच होतं. हसून घ्या आणि मग ऐका.

मी एक जुना पडदा आहे. नाटकाचा. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात. जिथे शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, तिथे नाटक ठरलेलंच. दिवसा बैल पळतात आणि रात्री नट रडतात. त्या नटांच्या मागे जे जंगल दिसतं ना, ते मी. चौदा हात लांब, नऊ हात उंच, शुद्ध मांजरपाट.

माझा जन्म नागभीडचा. स्टेशनामागे नूर मोहम्मद पेंटरचं घर होतं, त्याच्या अंगणात. त्याची बायको खैरुनचाची हिने पाच पन्हे जोडून मला शिवलं, खळ लावून वाळवलं आणि चुलीवर सरस शिजायला ठेवला. त्या सरसाच्या वासाने शेजारच्या तीन घरांनी खिडक्या लावून घेतल्या. नूर मोहम्मद दुकानांच्या पाट्या रंगवायचा, ट्रॅक्टरच्या मागे वाघ-सिंह काढायचा. मोठा कसबी माणूस. पण जन्मात कधी जंगलात गेला नव्हता. त्याला जंगलाची भीती वाटायची. लाकडाच्या ट्रकवाल्यांना चहा पाजून तो विचारून घ्यायचा, सागाचं पान केवढं, बांबूचं बेट कसं. मग ऐकलेलं सगळं त्याने माझ्यावर उतरवलं. मधोमध एक पायवाट काढली आणि वाटेच्या तोंडाशी मोहाचं झाड.

चित्र इतकं हुबेहूब झालं की एकदा मला उन्हात वाळत घातलं असताना एक वाघ आला. आपल्याच घरची वाट आहे असं समजून शिरायला गेला आणि नाकावर आपटला. बिचारा इकडेतिकडे बघून, लाजून निघून गेला. त्याच्या नाकाचा ओला डाग अजून माझ्या खालच्या कोपऱ्यात आहे. लोक म्हणतात तो तेलकट हाताचा आहे. लोकांचं काय, मित्रांनो.

मला न्यायला नाटक कंपनीचा मालक लच्छूभाऊ आला, आणि त्याच्याबरोबर आला डोमा.

डोमा तेव्हा वीस वर्षांचा होता. काटकुळा, डोळे पिवळसर, चालताना एक हात कमरेवर. कंपनीत त्याचं काम पडद्यामागे उभं राहून नटांना वाक्यं सांगायचं, आणि गाणी लिहायचं. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मोहाच्या झाडापाशी थांबला.

"चाचा, मोहाले फूल अन् टोळ एकाच दिवशी कसे लागले?"

टोळ म्हणजे मोहाचं फळ. फुलं गळून गेल्यावर ते धरतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नूर मोहम्मदने दाढी खाजवली. म्हणाला, "बेटा, पडदा तो एकच आहे. फुलाचा एक अन् फळाचा एक, असे दोन घेते का तुझा मालक?"

लच्छूभाऊ म्हणाला, झाड खोडून टाक, लोक हसतील. पण डोमाने त्याचा हात धरला.

"राहू दे भाऊ. अस्या झाडाखाली कोनी उपाशी नाई राहनार."

तेव्हाच मी ठरवलं, हा माणूस माझा.

डोमाच्या रक्तात सिकलसेल होता. खिशात दवाखान्याचं लाल कार्ड असायचं. डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं होतं की तुझ्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आहेत, त्या नसांमध्ये अडकतात, म्हणून सांधे ठणकतात. हे तो सगळ्यांना हसत सांगायचा. "वावर नाई धुऱ्याएवढं, अन् रक्तात विळेच विळे." धुरा म्हणजे शेताचा बांध. नट हसायचे. मग वेदना आली की तो माझ्या मागे, माझंच खालचं टोक अंगावर ओढून, गुडघे पोटाशी घेऊन पडायचा. आणि पुढे कोणी वाक्य विसरला तर तिथूनच, दात आवळून, ते वाक्य सांगायचा. लोकांना कधी कळलं नाही. मला कळायचं, कारण तो थरथरला की माझं जंगल हलायचं. प्रेक्षकांना वाटायचं, वारा सुटला.

थंडीपासून जपायचं असं त्याला सांगितलं होतं. आणि आमची नाटकं तर थंडीतलीच. लच्छूभाऊने त्याला दोनदा घरी बसायला सांगितलं, दोन्ही वेळा तो आठवड्यात परत आला.

त्याची गाणी मात्र सगळीकडे पोचली. त्याची माय गिरजाबाई, दुसऱ्यांच्या बांध्यांमध्ये रोवणी, म्हणजे भाताची लावणी, करणारी, चिखलात वाकून बायकांबरोबर गायची, तिथूनच तो शब्द उचलायचा. पुढे उलटं झालं. बायका रोवणी करताना डोमाचीच गाणी गायला लागल्या. कोणाची आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. गिरजाबाईला माहीत होतं, पण ती कधी बोलली नाही. नुसती सगळ्यांपेक्षा जोरात गायची.

आता तो दिवस सांगतो.

जानेवारी होता. एका गावात शाळेच्या पडवीत कंपनीचा मुक्काम होता. दुपारी मला दोन बांबूंना बांधून उन्हात ताणलं होतं. डोमा दोन दिवस जेवला नव्हता. तो माझ्या मागे चटईवर पडला होता, उन्हात माझी सावली घेऊन. त्याने स्वयंपाक्याकडून चुलीतला कोळसा मागून घेतला. बसवेना, म्हणून पडूनच लिहायला लागला. त्यामुळे ओळी पार खाली आल्या, जमिनीपासून हातभर. जेवणं झाल्यापासून ते गुरं गावात परत येईपर्यंत तो लिहीत होता. आठ ओळी. मला गुदगुल्या होत होत्या, पण मी हललो नाही.

काय लिहिलं, मला माहीत नाही. तुम्ही म्हणाल, हा कसला साक्षीदार? अहो, स्वतःच्या पाठीवरचं कोणाला वाचता येतं का?

लिहून झाल्यावर त्याने लच्छूभाऊला हाक मारली.

"भाऊ, हे मायसाठी हाय. नाटकातलं नाई. तिले वाचता येत नाई, कोनाले तरी वाचून दाखवाले सांगजो."

लच्छूभाऊ म्हणाला, तूच दाखव ना घरी जाऊन. डोमा म्हणाला, "हो, मीच दाखवतो. पन सांगून ठेवलं." मग जीप आली आणि त्याला दवाखान्यात घेऊन गेली. जीप परत आली तेव्हा तीत डोमा नव्हता. तो सव्वीस वर्षांचा होता.

लच्छूभाऊ मनाने वाईट नव्हता, मित्रांनो. दिवस झाल्यावर तो गिरजाबाईकडे गेला आणि निरोप दिला. तिने एवढंच विचारलं, "कवा आनतेस?" तो म्हणाला, अजून नऊ खेळ ठरलेले आहेत, जंगलाचा पडदा एकच आहे, होळी झाली की घेऊन येतो. गाणं मात्र त्याने अजून वाचलं नव्हतं. डोमाच्या अक्षराकडे पाहवत नव्हतं त्याला. सवडीने वाचू, म्हणायचा.

आठवा खेळ ज्या गावात होता, तिथे भर दुपारी आभाळ फाटलं. अवेळी पाऊस. खळ्यात कापलेल्या धानाचे पुंजणे, म्हणजे ढीग, रचलेले, मळणी व्हायची होती. अशा वेळी आमच्याकडे कोणी कोणाला विचारत नाही. जे हाताला लागेल ते धानावर जातं. घरातली गोधडी जाते, लग्नाचा शालू जातो. ज्या गावाने आठ दिवस कंपनीला जेवू घातलं, त्याचं धान भिजत असताना पडदे घडी करून ठेवायचे? लच्छूभाऊ राजवाड्याचा पडदा घेऊन धावला, तुरुंगाचा घेऊन धावला आणि शेवटी मला घेऊन धावला. गाण्याची त्याला आठवण होती. म्हणून त्याने मला उताणं घातलं, पाठ धानाकडे, चित्र आभाळाकडे. चित्र गेलं तर जाऊ दे, गाणं कोरडं राहील असं त्याला वाटलं.

पाऊस दोन दिवस होता. माझं चित्र राहिलं, कारण त्यात खैरुनचाचीचा सरस होता. कोळशात काय असतं? ओल आतपर्यंत झिरपली आणि गाणं तणसाला, म्हणजे धानाच्या पेंढ्याला, लागलं. तिसऱ्या दिवशी मला उलटं केलं तेव्हा पाठीवर नुसता राखाडी ढग होता. लच्छूभाऊ त्या ओल्या पुंजण्यासमोर बसून राहिला. गावकरी त्याला म्हणत होते, भाऊ, तुझ्यामुळे धान वाचलं. तो मान हलवत होता.

ते तणस पुढे बैलांनी खाल्लं. ज्या जोडीने ते खाल्लं ती पुढच्या तीन शंकरपटांत पहिली आली. नका मानू. पण मी त्या बैलांना ओळखतो.

होळीनंतर लच्छूभाऊ गिरजाबाईकडे गेला नाही. तीच वडशाला त्याच्या घरी आली. त्याने सांगितलं, पडदा दुसऱ्या कंपनीने सिरोंच्याकडे नेलाय, पुढच्या वर्षी येईल. पुढच्या वर्षी ती परत आली. मग त्याच्या पुढच्या वर्षी. दर वर्षी होळी झाली की ती एसटीने यायची, ओसरीवर बसायची, चहा घ्यायची आणि विचारायची, "आला का पडदा?" मी तिच्या डोक्यावर, माळ्यावर, गुंडाळून पडलेलो असायचो. मला तिचा आवाज ऐकू यायचा. एका वर्षी तिने लच्छूभाऊला सांगितलं की घाई नाही, पण माझे कान आता कमी ऐकतात, तेवढं फक्त ध्यानात ठेव.

माळ्यावरची वर्षं कशी गेली ते विचारू नका. नाटकांना छापील फ्लेक्सचे पडदे आले. चकचकीत, एका दिवसात तयार. त्यांच्यावरच्या जंगलात बर्फाचे डोंगर असतात. उंदरांनी माझं एक बांबूचं बेट कुरतडलं. नूर मोहम्मद गेला, खैरुनचाची गेली. वाईट वाटायचं, पण त्याहून वाईट वाटायचं ते होळीनंतरच्या त्या एका दिवसाचं.

मग नीलिमाताई आल्या. त्या शहरातल्या लेखिका. त्यांना डोमावर कादंबरी लिहायची होती. बाई प्रेमळ, मनापासून विचारायच्या, मनापासून रडायच्या. सगळीकडे हिंडल्या. नागभीडचं नूर मोहम्मदचं अंगण, शाळेची पडवी, लाल कार्ड, सगळं वहीत लिहून घेतलं. लच्छूभाऊने त्यांना मला दाखवलं आणि पहिल्यांदाच पावसाची गोष्ट खरी खरी सांगितली. गाण्यात काय होतं, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, आईसाठी होतं एवढंच माहीत आहे.

कादंबरी छापून आली आणि खूप गाजली. तीत माझं वर्णन आहे, निळी मखमल म्हणून. मखमल! मांजरपाटाचा एवढा अपमान कोणी केला नसेल. तीत डोमा रंगमंचावर, दिव्यांच्या उजेडात, टाळ्यांमध्ये प्राण सोडतो. कानतुटक्या कपातून चहा पितो. पितळी समईजवळ बसून लिहितो. आणि शेवटच्या पानावर माझ्या पाठीवरचं गाणं आहे, आठही ओळी.

पुस्तक गाजल्यावर डोमाच्या गावाने त्याच्या नावाचं वाचनालय बांधलं. त्यात त्याच्या वस्तू ठेवायच्या ठरल्या. पण डोमाच्या वस्तू होत्या तरी किती? एक लाल कार्ड आणि दोन सदरे. मग गावकऱ्यांनी कादंबरी समोर ठेवली आणि एकेक वस्तू जमवायला घेतली. कानतुटका कप बसस्टँडवरच्या हॉटेलातून आला. हॉटेलवाल्याकडे कान असलेले कप कमी आणि कानतुटके जास्त होते, त्याने आनंदाने दिला. समई सरपंचांच्या देवघरातून आली. डोमाच्या घरी समई कुठली, चिमणी होती. पण पुस्तकात आहे म्हटल्यावर असलीच पाहिजे. खोटं कोणी बोलत नव्हतं. सगळ्यांना त्याच्यासाठी काहीतरी आणायचं होतं.

आणि मला आणलं. भिंतीला पाठ बाहेर करून टांगलं, कारण लोकांना गाणं बघायचं होतं. पाठ तर कोरी.

आता तो गुरुवार. उद्घाटनाला तीन दिवस होते. सकाळी वाचनालय उघडलं तर माझ्या पाठीवर आठ ओळी! काळ्याभोर, ठसठशीत. आदल्या दिवशी नूर मोहम्मदचा नातू सैफ शिडी आणि ब्रश घेऊन तिथे आला होता, ही गोष्ट खरी. तो दाराची पाटी रंगवायला आला होता. त्याच्या हातात कादंबरी होती, तीही वाचण्यासाठीच असणार. जाताना तो माझ्यासमोर थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, म्हातारी बिचारी किती वर्षं येते आहे. एवढंच. त्याचा आणि अक्षरांचा काही संबंध नाही. अक्षरं आपोआप आली. मी सांगतो ना.

उद्घाटनाला गिरजाबाईला गाडीने आणलं. सत्तरी उलटलेली, पाठ रोवणीतच राहिल्यासारखी वाकलेली. नवं लुगडं नेसली होती. तिच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची होती, पण ती खुर्चीवर बसली नाही. सरळ माझ्यासमोर येऊन खाली बसली, ओळी जिथे होत्या तिथे, हातभर अंतरावर. बोटाने पहिलं अक्षर चाचपलं. लच्छूभाऊ दाराशी उभा होता, आत यायचं धाडस त्याला होत नव्हतं. नीलिमाताई डोळे पुसत होत्या.

शाळेतल्या दीपालीबाईंनी गिरजाबाईच्या कानाशी बसून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"आई, मला ने घरी आता, संपला हा खेळ गं,
दिवे विझाया लागले अन् थोडकी ही वेळ गं.
पडद्यामागे राहिलो मी, पुढती ना आलो कधी,
एकदा तू हाक मार, येईन मी त्याच्या आधी."

अशा आठ ओळी.  सरपंचांनी चष्मा काढला. गिरजाबाईने मान खाली घातली होती. तिने सांगितलं, पुन्हा वाच. दीपालीबाईंनी पुन्हा वाचलं. मग मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले.

तर मित्रांनो, ही माझी कहाणी. मला वाटतं, आता शेवटी तुम्हाला एक गोष्ट सांगायचा मला अधिकार आहे. जुन्या वस्तू फेकू नका. त्यांना माळ्यावर कोंडू नका. त्यांच्या पाठीवर काय लिहिलेलं असतं ते कोणालाच ठाऊक नसतं, आणि प्रेमाने जपलं तर पुसलेली अक्षरंसुद्धा एक दिवस परत...

"दीपाली," गिरजाबाई म्हणाली. टाळ्या थांबल्या. "हे आई कोन हाय?"

दीपालीबाई म्हणाल्या, तुम्हीच ना गिरजाबाई. तुमच्यासाठीच आहे.

"मले आई नाई म्हने तो. माय म्हने. अन् 'मला' नाई म्हने. जलमात नाई म्हनलं." तिने माझ्यावरचा हात काढून घेतला. बोटाला काळा रंग लागला होता, अजून पुरता वाळलेला नव्हता. तो तिने सगळ्यांना दाखवला नाही, लुगड्याला पुसला. मग मान वळवून दाराकडे पाहिलं, जिथे लच्छूभाऊ उभा होता.

"गानं चांगलं हाय. ज्यानं लिवलं त्याले देव बरं करो. पन हे माह्या डोमाचं नाई. त्याचं गेलं असन ना, तर गेलं म्हनून सांगा मले. चौदा साल झाले, रडाचंबी थांबवून बसली हावो मी."